चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात आम्ही आठ-दहा बायका मोदक करायला जमलो होतो. मी उकडीला हात लावणार एवढ्यात कुमुदकाकू हळूच म्हणाल्या, "नीला, हात स्वच्छ धुतलेस ना गं? नाही, म्हणजे तुझं ते चेटकिणींच्या कागदांचं काम."

"काकू, त्या कागदांना तुमचं तूप लागू नये म्हणून मी दिवसातून पंधरा वेळा हात धुते," मी म्हटलं. "माझ्याइतके स्वच्छ हात आपल्या अख्ख्या ट्रॉय गावात कुणाचे नसतील."

सगळ्या हसल्या, काकूही हसल्या. पण माझ्या हातचे मोदक त्यांनी वेगळ्या ताटात ठेवलेले मी पाहिले. घरी येऊन मी नवऱ्यापुढे बरीच बडबड केली. तो गाडीचं बिल शोधत होता. "सोड ना यार, काकू आहेत त्या," एवढंच म्हणाला.

या वसंतात मी निवृत्त झाले. त्यानंतर आमच्या दिवाळी अंकाच्या संपादक मुलीचा फोन आला. "मावशी, तुमच्या जॉबबद्दल काहीतरी स्पूकी लिहा ना. हॅलोविनच्या टायमिंगला मस्त जाईल." तिला आधीच सांगून ठेवलं आहे की माझ्या नोकरीत भूत एकदाही दिसलं नाही. दिसली ती माणसं आणि त्यांनी एकमेकांचं काय केलं ते. तरीही या नोकरीबद्दल मला कृतज्ञताच वाटते, आणि ती का वाटते हे सांगायला हा लेख.

माझं काम एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात होतं. जुने कागद दुरुस्त करायचे. फाटलेले जोडायचे, भोकं पडलेली बुजवायची, डाग वाढू द्यायचे नाहीत. आमच्याकडे कुणा एका श्रीमंत संग्राहकाने युरोपातून पेट्या भरभरून विकत आणलेली कागदपत्रं होती, आणि त्यांत जर्मन गावांमधल्या चेटकिणींच्या खटल्यांचे दस्तऐवज होते. सोळाव्या-सतराव्या शतकातले. गारपीट व्हायची, गाय आटायची, पाळण्यातलं मूल जायचं. मग गाव कुणाकडे तरी बोट दाखवायचं, आणि ती बहुतेक वेळा बाईच असायची. तिला धरून आणायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. नाही म्हणाली तर यातना द्यायच्या. हो म्हणाली की पुढे विचारायचं, तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? तिने नाव घेतलं की दुसऱ्या घराचं दार वाजायचं. आणि हे सगळं न्यायालयाचा कारकून सुंदर अक्षरात, चांगल्या कागदावर लिहून ठेवायचा. एवढी व्यवस्थित नोंद ठेवलेला अन्याय मी दुसरा पाहिलेला नाही.

मला ही नोकरी कशी मिळाली ते ऐकून आमच्याकडची मुलं अजून हसतात. नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून आलेली मी, काम करायची परवानगी मिळेपर्यंत ग्रंथालयात फुकट मदत करायला जायचे. तिथे दुरुस्तीच्या खोलीचे प्रमुख होते वॉल्टर. उंच, किरकिरे, बोटांना कायम पट्ट्या. कागद चिकटवायला ते गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवत होते आणि ती गुठळ्या होऊन नासत होती. तिसरं पातेलं त्यांनी टाकून दिलं तेव्हा मला राहवलं नाही. मी पुढे झाले, सत्त्व गार पाण्यात कालवलं, आच कमी केली आणि हात न थांबवता घोटत राहिले. कुरडयांसाठी दर उन्हाळ्यात मी गव्हाचा चीक शिजवलेला होता, यात नवं ते काय? खळ काचेसारखी उतरली. वॉल्टर पातेल्यात बघत म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "गच्चीवर." परवानगी आल्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि पुढची चोवीस वर्षं त्या खोलीत खळ मीच शिजवली.

वॉल्टरनी मला दोन नियम शिकवले. पहिला, आपण जे करू ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. म्हणून ही खळ, कारण ती पाण्याने सुटते. दुसरा, कागद सुंदर करायचा नाही, फक्त टिकवायचा. हा दुसरा नियम माझ्या गळी उतरायला फार वेळ लागला. मी घासूनपुसून लख्ख ठेवणाऱ्या घरातली. डाग दिसला की माझा हात शिवशिवतो.

लोकांना वाटतं आम्ही पांढरे हातमोजे घालतो. नाही घालत. मोज्यातून कागदाची कड कळत नाही आणि तो फाटतो. स्वच्छ धुतलेला, कोरडा हात सगळ्यात चांगला. भोकं बुजवायची रीतही सांगते. लाकडात असतो तसला किडा कागदांच्या गठ्ठ्यातून आरपार बोगदा करत जातो. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर तो कागद ठेवायचा, वर पारदर्शक फिल्म अंथरायची, बारीक पेनाने भोकांच्या कडा गिरवायच्या आणि त्या आकाराचे पातळ कागदाचे तुकडे बेतून बसवायचे. तुकडे बसले की फिल्मचं काम संपतं. वॉल्टर म्हणायचे, टाकून दे. माझ्याच्याने टाकवायच्या नाहीत. ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या दिसायच्या त्या, आणि शिवाय चांगलं प्लॅस्टिक कोण टाकतं? आईने पाठवलेल्या साडीचा पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात मी त्या घालून ठेवायचे. एकाचे तीन खोके झाले. "तुझी कचराकुंडी," वॉल्टर त्या खोक्यांना म्हणायचे.

आता त्या दोन बहिणींबद्दल.

डोरोथी आणि रूथ. रूथ थोरली, दोघी ऐंशीच्या आसपास, दोघींनी मोटारीच्या कारखान्यात सीट शिवण्यात आयुष्य घालवलेलं. निवृत्त झाल्यापासून डोरोथीने घराण्याची वंशावळ शोधायचं मनावर घेतलं होतं. तिची नजर जात चालली होती, म्हणून रूथ गाडी चालवायची आणि वाटभर कुरकुर करायची. दर मंगळवारी त्या वाचनकक्षात यायच्या. जुनी जर्मन लिपी वाचणाऱ्या आमच्या डॉक्टर हेलन मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि कागद ठिसूळ म्हणून पानं उलटायला मी बसायचे.

डोरोथीची मूळ पूर्वज उर्सुला नावाची बाई. उर्सुलाची थोरली बहीण मार्गारेटा. मार्गारेटावर चेटकीण म्हणून खटला झाला, तिला देहदंड मिळाला, हे चर्चच्या नोंदवहीत होतं. उर्सुलालाही धरून नेलं होतं, पण चौकशी करून सोडलं. का सोडलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि मार्गारेटाच्या चौकशीचे एकोणीस कागद आमच्याकडे होते.

डोरोथीला एकच गोष्ट हवी होती. प्रश्नांची यादी वेगळ्या कागदावर शाबूत होती आणि त्यात चौदावा प्रश्न होता, तुझी बहीण तुझ्याबरोबर होती का? उत्तरांच्या कागदांवर प्रश्न नसायचे, फक्त आकडा आणि उत्तर. तीच यादी मार्गारेटाला तीन वेळा विचारली होती. हेलननी पहिल्या फेरीतलं उत्तर वाचलं, "नाही. तिला काही ठाऊक नाही." दुसऱ्या फेरीत, "नाही. ती घरी मुलापाशी होती." आणि तिसऱ्या, शेवटच्या फेरीत, "हो. तीही होती."

डोरोथीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे शेवटी तिने बहिणीला दिलं," ती म्हणाली.

"तिला छळलं होतं, डोरोथी," हेलन म्हणाल्या. "कुणीही दिलं असतं."

"मला माहीत आहे. मी तिला दोष देत नाही." तिने चष्मा पुसून परत चढवला. "पण मला खरं तेच लिहायचंय. जुलैत सगळं खानदान जमतं, मी पुस्तक छापून वाटणार आहे. त्यात लिहावं लागेल की बहिणीचं नाव घेऊन ती मेली."

रूथ खिडकीकडे बघत म्हणाली, "मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतेय, उकरू नकोस."

मी कागद आवरू लागले. खाली कोपऱ्यात पेन्सिलने घातलेले पानांचे आकडे माझ्याच हातचे होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ही फाइल माझ्याकडे आली तेव्हा शिवणीचा धागा कुजून कागद सुटे झाले होते आणि वरच्या कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या. तारखा नेमक्या तिथेच असायच्या. कागद मीच क्रमाने लावले होते. बारा नंबरचा उचलून तेरावर ठेवताना माझा हात थांबला. गठ्ठ्यात कधीतरी खालच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं होतं. बारावर तो डाग पुरीएवढा होता आणि तेरावर नाण्याएवढा. पाणी असं चढत नाही. ते तळाच्या कागदावर जास्त पसरतं आणि वर वर कमी होत जातं. मधेच उडी मारत नाही.

मी कागद तसेच फाइलीत घातले. त्या दोघी गेल्या, मी खाली येऊन खुर्चीवर बसले. मी ते कागद कसे लावले होते ते मला आठवलं. मला जर्मन येत नव्हतं, आजही येत नाही. पण "नाही" आणि "हो" हे दोन शब्द मी ओळखायला शिकले होते. "नाही"चे कागद मी आधी ठेवले, "हो"चे शेवटी. मला वाटलं, असंच असणार. आधी बाई नाही म्हणते, मग छळतात, मग हो म्हणते, मग संपतं. एकदा हो म्हटल्यावर पुन्हा तोच छळ होईल हे ठाऊक असताना कुणी परत नाही म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एसीच्या खोलीत चहा पिऊन आलेली मी, मी तिच्या वतीने ठरवून टाकलं की ती मोडली. वॉल्टर त्या महिन्यात आजारी होते आणि मी कुणाला विचारलंही नाही. आकडे घातले आणि भोकं इतकी सुबक बुजवली की आता त्यांच्यावरून काही ताडताही येत नव्हतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत सरूबाई नावाची विधवा ताक विकायची. कुणाच्या तरी बाळाला ताप आला आणि बायका कुजबुजू लागल्या की ती करणी करते. आईने तिचं ताक घेणं बंद केलं. आम्ही मुली शाळेला जाताना तिच्या दारावरून न जाता पलीकडच्या बाजूने जायचो. मी तर पळायचे. तिला कुणी मारलं नाही, जाळलं नाही, म्हणून आमच्याकडे ती गोष्ट घडली असं कुणी म्हणत नाही. एक दिवस ती गाव सोडून गेली. मला त्या दुपारी खुर्चीवर बसल्या बसल्या तिचं ताकाचं मडकं आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. एकीला पळून टाळलं होतं आणि दुसरीच्या तोंडी मी माझ्या सुबक हाताने शेवटचं "हो" घातलं होतं. ते आता छापलं जाणार होतं.

मी वॉल्टरना फोन केला. ते निवृत्त होऊन उत्तरेला एका तळ्याकाठी राहतात. मी सगळं सांगितलं.

"फिल्म आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत. साडीच्या खोक्यात."

"मी टाकून दे म्हणालो होतो."

"दहा वेळा म्हणाला होतात."

"बरं झालं तू माझं कधीच ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "जा, लाइट टेबल लाव."

किडा काय करतो, तो क्रम ओळखत नाही, अक्षर वाचत नाही. तो सरळ जातो, थोडा तिरका जातो, पण एका कागदातून शेजारच्याच कागदात जातो. गठ्ठा ज्या क्रमाने शिवलेला असेल त्याच क्रमाने बोगदा पुढे सरकतो. त्या शुक्रवारी सकाळी मी एकोणीस फिल्म काचेवर एकीवर एक ठेवल्या. माझ्या क्रमाने लावल्या तर सहानंतर भोकं जुळेनात, बोगदा तुटला. मग सहावर तेरा ठेवली. जुळली. चौदा, पंधरा, अशी एकोणीसपर्यंत भोकं केसभर सरकत गेली. एकोणीसवर सात ठेवली आणि भोकावर भोक बसलं. मी तीन वेळा करून पाहिलं. पाण्याचा डागही आता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाढत जात होता. "हो"चे कागद मधले होते. मी सात ते बारा म्हणून ठेवलेले "नाही"चे कागद सगळ्यात शेवटचे होते.

मी हेलनना खाली बोलावलं. त्या फिल्मवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नीला, उर्सुलाला का सोडलं ते आता कळतंय. जिने नाव घेतलं तिनेच मरणापूर्वी ते मागे घेतलं, तर न्यायालयाच्या हातात फारसं काही उरत नाही. शंभर टक्के नाही सांगता येणार, पण मला तरी दुसरं कारण दिसत नाही."

"आता हे सगळ्यांना सांगावं लागेल," मी म्हटलं. "चूक माझी आहे, हेही."

"लागेल," त्या म्हणाल्या. मऊ बोलल्या असत्या तर मला रडू आलं असतं. त्या तशा बोलल्या नाहीत, त्याबद्दलही आभार.

आमच्याकडे अशा चुकीची रीतसर नोंद करतात. मी ती लिहिली. काय केलं, का केलं, कुणी केलं. संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, सो बेसिकली द बग वॉज अ बेटर लायब्रेरियन दॅन यू?" नवरा घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी हसत सुटले. तीन दिवसांत पहिल्यांदा जीव थोडा भांड्यात पडला.

पुढच्या मंगळवारी दोघी बहिणी आल्या. मी हेलनना म्हटलं, आधी मी बोलते. मी फिल्म आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मी काय गृहीत धरलं होतं तेही सांगितलं. डोरोथी माझ्या आवाजाकडे कान देऊन ऐकत होती. रूथचा चेहरा कडक होत गेला.

"म्हणजे चोवीस वर्षं तुमच्याकडे ते उलटं होतं," रूथ म्हणाली.

"बावीस," मी म्हटलं. "हो."

"आणि डोरोथीने ते छापलं असतं."

"हो. मला माफ करा."

डोरोथीने हाताने रूथला थांबवलं. "ते राहू दे, आधी शेवटचं उत्तर पुन्हा वाचा," ती हेलनना म्हणाली.

हेलननी वाचलं. "चौदावं. नाही. ती घरी मुलापाशी होती."

"कुठलं मूल?" रूथने विचारलं. "कुणाचं?"

हेलननी वंशावळीचा तक्ता पुढे ओढला. त्या वर्षी उर्सुलाला एकच मूल होतं, काही महिन्यांचं. डोरोथीने तक्त्यावर जाड पेनाने आखलेली लांब रेघ त्याच मुलापासून खाली येत होती. रूथ त्या रेघेवरून बोट फिरवत खाली आली, खाली, थेट शेवटच्या ओळीपर्यंत, तिथे त्या दोघींची नावं होती.

"मला ते दिसणार नाही," डोरोथी म्हणाली. "पण हात लावता येईल का?"

आमच्या वाचनकक्षाचा नियम आहे, शाईवर बोट टेकवायचं नाही. त्या शाईत लोखंड असतं, त्याने कागद तिथे खाल्लेला असतो. मी हेलनकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी डोरोथीला बेसिनपाशी नेलं, तिचे हात साबणाने धुतले, बोट न् बोट कोरडं केलं आणि तिची तर्जनी धरून त्या शब्दाच्या शेजारी, कोऱ्या कागदावर ठेवली. तिथेच माझा एक जुना तुकडा चिकटवलेला होता. तिला तो लागला.

"हे काय आहे?"

"तिथे भोक होतं. मी बुजवलं होतं."

"हं," ती म्हणाली आणि बोट तिथेच ठेवलं.

त्या कागदावर आता दोन आकडे आहेत. माझा जुना नऊ खोडरबरने पुसलेला नाही, आमच्यात पुसत नाहीत. त्यावर एक बारीक रेघ आहे, शेजारी सोळा आहे आणि माझी आद्याक्षरं आहेत. पुढच्या माणसाला माझी चूकही वाचता येईल. या नोकरीने मला पगार दिला, वॉल्टरसारखा गुरू दिला, हातांना काम दिलं. पण सगळ्यात जास्त उपकार याचे मानते, की चुकल्यावर परत जाऊन दुरुस्त करायची संधी मला एकदा तरी मिळाली. सरूबाईच्या बाबतीत ती मिळाली नाही.

त्या दिवशी मी कागद आवरायला हात पुढे केला तेव्हा रूथ म्हणाली, "जरा थांबा." मला वाटलं, आता तक्रार. ती उठली, बेसिनपाशी गेली, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग परत येऊन तिने आपलं बोट धाकट्या बहिणीच्या बोटाशेजारी ठेवलं.